अमेरिकेतली सून आणि माझं गाईड

वऱ्हाडात सगळ्यात जास्त वाचल्या गेलेल्या लेखकांमध्ये माझा नंबर बराच वर लागेल, आणि ही गोष्ट मी आजवर घरच्यांशिवाय फारशी कोणाला सांगितलेली नाही. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला इंग्रजी वाङ्मय घेतलेल्या पोरांनी माझं पुस्तक एसटीत वाचलं, शेताच्या धुऱ्यावर बसून वाचलं, परीक्षेच्या हॉलबाहेर शेवटच्या पाच मिनिटांत वाचलं आणि काहींनी, देवाशप्पथ, हॉलच्या आत बसूनही वाचलं. मुखपृष्ठावर माझं नाव नव्हतं. 'एक अनुभवी प्राध्यापक' एवढंच छापलेलं असायचं. गाईड होतं ते.

प्राध्यापकानं गाईड लिहिणं आमच्यात कमीपणाचं समजत. स्टाफरूममध्ये आम्ही सगळे गाईडला शिव्या द्यायचो. मी जरा जास्तच द्यायचो, म्हणजे संशय येत नसे. नांदगाव खंडेश्वरच्या एका कॉलेजात मी इंग्रजी शिकवायचो आणि राहायला अमरावतीत, राजापेठेत. सकाळी एसटीनं जायचं, दुपारी परत यायचं, आणि संध्याकाळी खिडकी लावून गाईड लिहायचं. खिडकी लावायची, कारण खालच्या मजल्यावर ट्यूशन क्लास आणि त्याच्या बाहेर शंभर स्कूटी.

ज्या गाईडची ही गोष्ट आहे ते एका अमेरिकन कादंबरीचं. तिकडे ती अभिजात वगैरे समजतात. कादंबरीचं नाव लिहीत नाही. ज्यांनी माझं गाईड वाचलं त्यांना नाव सांगूनही काही आठवायचं नाही. गोष्ट मात्र सांगतो. सपाट गवताळ मुलखात एक म्हातारा गव्हाची शेती करतो. तोंडाचा मुका, डोक्याचा गरम. त्याचा मुलगा बापापुढे ब्र काढत नाही. आणि सून. ही शहरातली, लग्नाआधी शाळेत शिकवायची, लग्नानंतर सगळं बंद. चारशे पानं ती त्या घरात घुसमटते. शेवटी एका सकाळी सामान भरते, कोट घालते आणि रेल्वे स्टेशनवर जाऊन उभी राहते. लांबून गाडी दिसायला लागते.

पुढे काय होतं, यावरच सगळं आहे. पण त्याआधी धंद्याची रीत सांगितली पाहिजे, नाहीतर माझं पाप समजायचं नाही.

परीक्षेत कादंबरीवर दोन प्रकारचे प्रश्न येतात. एक, अमक्याचं स्वभावचित्र लिहा. दोन, कादंबरीतली सूत्रं सांगा. स्वभावचित्राला पाच उपशीर्षकं लागतात. कष्टाळू, हट्टी, एकाकी, असं काहीही चालतं, पण पाच हवीत. प्रत्येकाखाली एक प्रसंग, एक अवतरण, आणि उपशीर्षकाखाली पेनानं रेघ. तपासणारा माणूस रेघाच मोजतो. दिवसाला गठ्ठाभर पेपर तपासणाऱ्याकडून याहून जास्त अपेक्षा ठेवू नये. सूत्रांचं तर अजून सोपं. जमीन, एकटेपणा आणि अमेरिकन स्वप्न. ही तीन बहुतेक कुठल्याही अमेरिकन कादंबरीला चालतात, मी स्वतः चार कादंबऱ्यांना लावून पाहिली आहेत. गाईडमध्ये हे सगळं इंग्रजीत, आणि मागे मराठीत गोष्टीचा सारांश. पोरं आधी मागूनच सुरुवात करायची.

वर्गात मी ही कादंबरी फार तळमळीनं शिकवायचो. एकदा म्हाताऱ्याचं दुःख सांगत होतो. गारपिटीनं गहू झोपला, म्हातारा बांधावर बसून रडतो आहे. मागच्या बाकावरून एक पोरगा म्हणाला, "सर, याले एकर किती?"

मी म्हटलं, "तीनशे वीस."

"अन् मंग रडून काहून राह्यला?"

त्या दिवशी तास तिथंच संपला. दुसऱ्या एकानं उत्तरपत्रिकेत लिहिलं होतं की म्हाताऱ्याच्या गव्हावर बोंडअळी आली. मी त्याला अर्धा मार्क दिला, निदान रान तरी त्यानं पाहिलं होतं. एकानं फक्त म्हाताऱ्याचं स्वभावचित्र पाठ केलं होतं. पेपरात नेमकी अभ्यासक्रमातल्या नाटकातली राणी आली, तर पठ्ठ्यानं राणीला कष्टाळू शेतकरी केलं आणि खाली पाच रेघा मारल्या. आणि एकीनं शेवटच्या पानावर लिहिलं होतं, 'सर, लग्न जमलं आहे, मुलाकडच्यांना ग्रॅज्युएट पाहिजे.' अशा लोकांमध्ये आयुष्य गेलं माझं, आणि मजेत गेलं.

आता पाप.

गाईड लिहायला घेतलं तेव्हा आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत त्या कादंबरीची एकच प्रत होती, आणि तिची शेवटची सोळा पानं फाडलेली होती. उंदरांनी नाही, विद्यार्थ्यांनी. 'कादंबरीच्या शेवटाची चर्चा करा' हा हुकमी प्रश्न, म्हणून कोणीतरी शेवटच कापून बाहीत घालून परीक्षेला नेला होता. मूळ पुस्तकावर इतकी श्रद्धा असलेला तो बहुधा आमचा शेवटचा विद्यार्थी. माझी प्रत संपत होती ती गाडी लांबून दिसायला लागते तिथं.

अकोल्याचे प्रकाशक बबनराव रोज फोन करायचे. "सर, झालं का? आठ दिवसांत मशीनवर चढवायचं आहे." नागपूरला अख्खी प्रत मिळाली असती. एक दिवसाचं काम होतं. मी गेलो नाही. बसून विचार केला की ही बाई आता काय करेल. आणि खरं सांगतो, ती गाडीत चढेल असं मला क्षणभरही वाटलं नाही. माझी आई दोनदा पिशवी भरून अचलपूरला माहेरी निघाली होती. दोन्ही वेळा संध्याकाळच्या भाकरीच्या वेळेला घरात हजर. बायका निघतात आणि परत येतात, एवढंच मला ठाऊक होतं. मग मी तिला परत आणलं. ती घरी येते, कोट खुंटीला अडकवते, आणि दार आतून लावून घेते. वर शीर्षक दिलं, 'त्याग आणि सहनशीलता'. इतकं सुंदर उतरलं की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. अवतरणाची जागा तेवढी रिकामी ठेवली. इतका प्रामाणिकपणा होता.

आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. दुसऱ्या गाईडवाल्यांनी माझ्यावरून उतरवून घेतलं. प्राध्यापक मंडळींनी गाईडवरून नोट्स काढल्या. पेपर तपासायला आदर्श उत्तर लागतं, ते करायचं काम ज्येष्ठ म्हणून माझ्याकडेच आलं, आणि मी ते गाईडवरून केलं. कित्येक वर्षं वऱ्हाडात कोणी त्या बाईला गाडीत चढू दिलं नाही. मधल्या काळात पूर्ण प्रत मिळाली नसती का? मोबाईलवर सुद्धा मिळाली असती. पण आपणच लिहिलेलं उत्तर बरोबर आहे का, हे पाहायला कोण जातं? मी नाही गेलो.

निवृत्तीला तीन महिने राहिले होते. एका रविवारी सकाळी दारात एक बाई उभी. पंचविशीची, पायात चिखलानं भरलेल्या चपला, हातात प्लॅस्टिकची फाईल. दर्यापूरजवळच्या खेड्यातून पहिल्या बसनं आली होती. नाव शीतल. नवऱ्याचं दर्यापूरला जळालेले मोटारपंप भरून द्यायचं दुकान, घरी सासू-सासरे आणि शेती. लग्नानंतर बी.ए. करत होती. इंग्रजी वाङ्मयात पाच मार्कांनी नापास झाली होती. नियमाप्रमाणे अर्ज करून उत्तरपत्रिकेची झेरॉक्स काढली होती तिनं. कोणीतरी सांगितलं, राजापेठेतले सर जुने आहेत, फेरतपासणीचं तेच सांगतील.

"सर, मामाजी म्हणले, यंदा पास झाली तर अकोल्याले बी.एड.ले पाठवतो. नापास झाली तर पुस्तकं बंद. तसं ठरलं आहे घरी," ती म्हणाली. मामाजी म्हणजे सासरे. "बी.एड.च्या सीईटीत पास झाली मी. हाच एक पेपर अडला."

मी झेरॉक्स हातात घेतली. कादंबरीच्या शेवटाचा प्रश्न, सोळा मार्कांचा. पडले होते तीन. समासात इंग्रजीत शेरा होता, 'मूळ कादंबरी वाचा.' झेरॉक्समध्ये लाल शाई काळी दिसते, पण अक्षर कुठं लपतं? माझं होतं.

"सर, मले एवढंच सांगा," शीतल म्हणाली, "मूळ म्हणजे कोनतं? मी तर मूळच वाचली."

तिनं मोबाईल पुढे केला. अख्खी कादंबरी. शब्दकोश उघडून, एकेक पान करत, पावसाळा ते उन्हाळा वाचली होती तिनं. मी शेवटचं प्रकरण तिथंच उभ्यानं वाचलं. ती चढते. गाडीत चढते, खिडकीशी बसते, आणि पुढच्या गावी तिला शाळा मिळते. परत वगैरे काही येत नाही. मी पुन्हा वाचलं, तरीही आली नाही. एवढी लाज मला उभ्या आयुष्यात वाटली नव्हती.

पेपर मीच तपासला, हे मी तिला सांगितलं नाही. भ्यालो. उलट मास्तरकीच्या आवाजात विचारलं, "गाईड वाचलं नव्हतंस का?"

"वाचलं ना सर. पाठ आहे." आणि तिनं माझा 'त्याग आणि सहनशीलता'चा परिच्छेद इंग्रजीतून धडाधड म्हणून दाखवला. कोट, खुंटी, दार, सगळं.

"मग तेच का नाही लिहिलं? पास झाली असतीस."

"सर, चारशे पानं मी त्या बाईसोबत होती. गाडीत बसून गेली ते. मी तिले उतरवून घरी कशी आणू?"

मी चहा करायच्या निमित्तानं आत गेलो.

दुसऱ्या दिवशी मी विद्यापीठाच्या परीक्षा विभागात लेखी अर्ज दिला. मी तपासलेल्या पेपरात माझी चूक झाली आहे, कादंबरीचं शेवटचं प्रकरण सोबत जोडलं आहे, वगैरे. गाईडचा उल्लेख टाळला. तिथल्या साहेबांनी अर्ज दोनदा वाचला आणि चष्मा काढला. "सर, तुमी रिटायर होऊन राह्यले, कायले डोकं लावता? एकीले बरोबर म्हटलं तर बाकी साऱ्यायले चूक म्हणा लागते. मागच्या सालचे पोट्टे बी येतीन अर्ज घेऊन."

तरी तिघांची समिती बसली. त्यात अकोल्याचे एक विभागप्रमुख होते, माझे जुने मित्र. त्यांनी मला बाजूला घेतलं. "अरे बापा, इतकी वर्षं मी पोट्ट्यायले ती राहते म्हणून शिकवलं. आता तू म्हणतं, ती जाते?"

"तू वाचली नव्हती?"

"तुहं गाईड वाचलं ना. आता मले नको सांगू ते तू नाही लिहिलं. अख्ख्या अकोल्याले माहीत आहे."

समितीनं अर्ध्या तासात, समोसे येण्याआधी, एकमतानं ठराव केला: नायिका घरी राहते अथवा घर सोडून जाते, दोन्ही उत्तरे ग्राह्य धरावीत. जगातल्या कुठल्या विद्वानाला हे सुचलं नसेल. ठरावाखाली मीही सही केली. वाटलं, शीतलचं काम होतं आहे ना, झालं. तिचा पेपर दुसऱ्याकडे गेला, सोळापैकी अकरा मिळाले आणि ती पास झाली. मी बबनरावांना फोन करून म्हटलं, शेवट दुरुस्त करा. ते म्हणाले, "सर, दोन्ही टाकू. तेवढंच गाईड जाड दिसेल."

मला वाटलं प्रकरण संपलं. पंधरा दिवसांनी दारावर एक गृहस्थ आले. धोतर, पांढरी टोपी, काखेत गाईड. माझंच. पाणी प्यायले, टोपी मांडीवर ठेवली. शीतलचे सासरे होते.

"सर, सूनबाई पास झाली, मी शब्द देल्ला होता, मले मान्य आहे," ते म्हणाले. "पण आता म्हणते, अकोल्याले होस्टेलात राहीन, दोन साल. माह्यावाल्या मंडळीचे गुडघे गेले, उठता येत नाही. पोरगं दिवसभर दुकानात. मी म्हटलं, इथीच दर्यापुरात लेकरायले शिकव, कोनतं अडलं? तर म्हणते, मामाजी, त्या पुस्तकातली बाई गेली. म्या हे पुस्तक आणलं. मराठीत लिहिलं आहे मांगं, म्या सोता वाचलं. याच्यात तर ते घरी येते. दार लावून घेते." त्यांनी गाईड माझ्यापुढे ठेवलं. सारांशाच्या पानाचा कोपरा दुमडलेला होता. "तुमी शिकलेले माणसं. कोनतं खरं? तुमी सांगान ते मी घरी जाऊन सांगतो. तिले बी मान्य आहे, सरायले विचारा म्हणली."

तिनंच पाठवलं होतं त्यांना. माझ्या भरवशावर. तिचं सगळं त्या एका उत्तरावर येऊन थांबलं होतं, आणि माझ्याजवळ विद्यापीठाचं अधिकृत उत्तर तयार होतं. दोन्ही ग्राह्य. जिभेवर आलं सुद्धा. त्या उत्तरानं ते समाधानानं टोपी घालून उठले असते आणि पोरगी दर्यापुरात राहिली असती.

"जाते, भाऊ," मी म्हटलं. "ती जाते. हे गाईड मीच लिहिलं आहे. शेवटची पानं माझ्याजवळ नव्हती. मी मनानं लिहिलं."

परक्या माणसापुढे मी हे पहिल्यांदाच बोललो.

"मनानं?"

"हाव."

"म्हणजे तुमाले वाटलं, ते परत येईन."

"हाव."

"मले बी तसंच वाटे," ते म्हणाले, आणि टोपीची घडी नीट केली. मग विचारलं, "अन् तिचा सासरा? सासरा काय करते?"

आता वाचकहो, गाईडमध्ये या सासऱ्याचं स्वभावचित्र मी पाच रेघा मारून लिहिलेलं आहे, आणि त्यातलं एकही उपशीर्षक मला त्या वेळी सांगवेना. समोरचा माणूस चांगला होता. घाबरलेला होता, एवढंच. मी म्हटलं, "सामानाची पेटी जड असते. सुनेला उचलत नाही. तर सासरा पेटी उचलतो, आणि स्टेशनपर्यंत नेऊन देतो."

"काई बोलत नाही?"

"नाही. तसाही तो बोलणारा माणूस नाही."

"हं," ते म्हणाले. चहा अर्धा ठेवून उठले. गाईड माझ्याच टेबलावर राहिलं.

खरं लिहायचं तर कादंबरीत असं काही नाही. शेवटच्या पानावर तो म्हातारा कुंपणाचे खुंट ठोकत असतो. गाडीची शिट्टी वाजते तरी मान वर करत नाही. हे मी दोनदा वाचलं होतं. पहिल्यांदा मी अज्ञानानं शेवट बदलला होता, या वेळी चांगला समजून-उमजून बदलला. प्राध्यापकाला शोभणारं काम नाही. रात्रीच्या नाही, पण दुपारच्या झोपेचं तरी खोबरं झालं.

आठवड्याभरानं शीतलचा फोन आला. मागे गाड्यांचे हॉर्न, माणसांची ओरडाओरड.

"सर, दर्यापूर स्टँडवरून बोलून राह्यली. अकोल्याले निघाली. सर, तो म्हातारा पेटी उचलते असं तुमी मामाजीले सांगतलं?"

"हो."

"सर, तो तर कुंपण ठोकत राह्यते ना?"

"हो गं. चुकलं माझं," मी म्हटलं. "दे त्यांना फोन, मी खरं काय ते सांगतो."

"नको सर," ती घाईघाईनं म्हणाली. "आता नका सांगू. ते वर चढले आहेत, काळीपिवळी जीपच्या टपावर माही पेटी बांधून राह्यले."